जिभेवरची माती

शुद्धीवर असलेल्या माणसाला माती खाताना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारात.

डॉक्टरांचा नवा बंगला शहराच्या कडेला होता. पाच-सहा वर्षांपूर्वी तिथं ऊस उभा असायचा. मी पुण्याहून बागांची आखणी करायचा कोर्स करून नुकतीच कोल्हापूरला परतले होते. हातात रंगीत नकाशा, नकाशात गुळगुळीत हिरवळ, हिरवळीच्या कडेनं फुलांचे वाफे. डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि मी गेटच्या आत उभे होतो. ज्यांची ओळख मी ‘आमचे अनुभवी सहकारी’ अशी करून दिली होती ते साठीचे गृहस्थ मात्र मध्येच खाली बसले. त्यांनी दोन बोटं जमिनीत खुपसली, चिमूटभर माती काढली आणि सरळ तोंडात टाकली. लोणच्याची फोड चाखावी तसे डोळे मिटून त्यांनी ती जिभेवर फिरवली. मग बाजूला थुंकले, नळावर जाऊन चूळ भरली आणि म्हणाले, “खारट न्हाय. जमंल.”

मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. डॉक्टर हसण्यावारी नेऊ पाहत होते, पण डॉक्टरीणबाईंचे डोळे विस्फारले होते. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “यांना जंताचं औषध वगैरे दिलंय का कधी?”

सगळे त्यांना मामा म्हणत. खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि ते इथं छापलेलं त्यांना खपणार नाही. माझ्या ओळखीच्या नर्सरीवाल्यानं त्यांना माझ्या गळ्यात बांधलं होतं. “ड्रॉइंग तू काढ, माती त्यांना बघू दे,” एवढंच तो म्हणाला होता. ‘बघू दे’चा अर्थ ‘खाऊ दे’ असा आहे, हे त्यानं सांगितलं असतं तर मी निदान मनाची तयारी करून गेले असते. माझा स्वभाव मुळातच घाबरट. दारावरची बेल जोरात वाजली तरी मी दचकते. अशा बाईला सात वर्षं मामांबरोबर काम करावं लागलं, आणि त्या सात वर्षांत त्यांनी मला सरळ श्वास घेऊ दिला नाही.

मातीनंतर खुर्ची. मामांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती, एका हाताला चीर गेलेली. बाग लावायच्या आधी एक अख्खा दिवस ते ती खुर्ची रिकाम्या जागेत टाकून बसत. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. काही करत नसत. दर दोन तासांनी उठत, भिंतीची, टाकीची, शेजारच्या झाडाची सावली जिथपर्यंत आली असेल तिथं फुटबॉलच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की ओढत, खुर्ची सरकवत आणि पुन्हा बसत. संध्याकाळपर्यंत जमिनीवर रेघांचं जाळं झालेलं असे. कुठं ऊन किती टिकतं, कुठं कायमची सावली, कुठं दुपारचा तेवढा कडाका, सगळं त्यात दिसे. मी हेच काम कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत करत होते आणि दर वेळी चुकत होते, कारण शेजाऱ्यानं गच्चीवर घातलेला पत्रा माझ्या कॉम्प्युटरला माहीत नसायचा.

या फक्कीनं एकदा गहजब झाला. एका बंगल्यात जागा कमी म्हणून मामांनी रेघा गेटबाहेर रस्त्यापर्यंत नेल्या. समोरच्यांना वाटलं, रस्ता रुंदीकरणाची आखणी चालू आहे आणि आपलं कुंपण जाणार. तासाभरात अख्खी गल्ली गोळा झाली, कुणीतरी नगरसेवकाला फोन लावला, आणि तोही गाडी काढून आला. सगळे तावातावानं बोलत होते आणि मामा खुर्चीत शांत. शेवटी नगरसेवकानं वाकून विचारलं, पावणं, तुमी कुठल्या खात्याचं? मामा म्हणाले, “सावलीच्या.” मी घाबरून गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले होते.

गिऱ्हाइकाशी त्यांचं बोलणं सुरू झालं की मी नकाशात तोंड खुपसून बसे. माणसं उत्साहानं मोबाइलवर परदेशातल्या बागांचे फोटो दाखवत. मामा फोटो बघतच नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “बाग बसाय पायजे का दावाय?” बहुतेकांना ती दाखवायलाच हवी असते, पण असं तोंडावर विचारल्यावर कोण कबूल करणार? सगळे म्हणत, बसायला, बसायला. मग मामा विचारत, घरात सकाळी पहिलं दार कोण उघडतं, चहा कोण कुठं उभं राहून पितं, म्हातारं माणूस असेल तर त्याची खिडकी कुठली. त्या खिडकीखाली पारिजातक, त्या दारापाशी अबोली आणि कोरांटी. कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा. उन्हाच्या कोपऱ्यात डोंगरावरची धायटी. एकदा लावली की वर्षानुवर्षं आपली आपण जगणारी, इथल्याच मातीची झाडं. माझ्या नकाशातले पाम आणि कुंड्यांतले नखरे ते एका फटक्यात बाद करत. म्हणत, “पावना म्हून आनल्यालं झाड पावन्यासारखंच वागतंय. रोज चा द्यावा लागतोय.”

पाण्याच्या बाबतीत तर ते वैरी वाटावेत असे होते. लावताना एक तांब्या, मूळ धरेपर्यंत दिवसाआड थोडं, आणि मग वाट बघायची. कुणाच्या हातात रबरी नळी दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उठे. “तानल्यालं झाड मरत न्हाय, लाडावल्यालं मरतंय,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की घरी मुलीला दुसरं चॉकलेट नाकारतानाही तेच माझ्या तोंडात यायला लागलं.

आता डॉक्टरांच्या हिरवळीकडं येते. कारण मामा मला खऱ्या अर्थानं कळले ते तिथं, आणि मी आयुष्यात सगळ्यात जास्त हादरले तेही तिच्यामुळंच.

डॉक्टरांच्या मुलीचा साखरपुडा बंगल्याच्या आवारात, नव्या हिरवळीवर व्हायचा होता. हातात तीन महिने होते. डॉक्टरीणबाईंना गालिच्यासारखी, तयार चौकोन आणून अंथरायची हिरवळ हवी होती. मामा एका टेम्पोत ओली बारदानं घालून आले. बारदानं उघडली तर आत हरळी. बांधावरची, शेतातली, देवाला दूर्वा म्हणून वाहतो ती साधी हरळी. मामांनी कोयत्यानं तिच्या कांड्या तोडल्या आणि चार-चार बोटांवर टोचायला सुरुवात केली.

डॉक्टर मूळचे गडहिंग्लजकडचे, शेतकऱ्याचे पोर. दवाखान्यातून जेवायला आले आणि पायरीवरच थबकले. इतका शांत माणूस, पण त्यांचा आवाज चढला. म्हणाले, “माझ्या बापाची कंबर गेली ही हरळी वेचता वेचता. सुट्टीत आम्ही पोरं रडत वेचायचो. आणि तुम्ही ती माझ्या दारात लावताय?”

मी नकाशाची गुंडाळी करून निघायच्याच बेतात होते. मामांनी मानही वर केली नाही. “डॉक्टर,” ते म्हणाले, “बापाचं जिच्यासंगं वैर, तिच्यासंगं पोरानं सोयरीक करावी. घर टिकतंय.”

काय झालं कोण जाणे, डॉक्टर हसले. आत जाऊन जेवले. हरळी लागली.

महिन्याभरात जमीन हिरवी दिसायला लागली आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. तोवर चैत्राचं ऊन तापलं होतं. नेमक्या त्या वेळी मामांनी फर्मान काढलं, आता वीस दिवस पाणी बंद. वरून सुकेल, पिवळी पडेल, पडू दे. पाणी मिळत नाही म्हटल्यावर मुळं खाली जातील. एवढं सांगून ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

हिरवळ खरोखरच पिवळी पडली. मग विटकरी झाली. साखरपुडा महिन्यावर आलेला. डॉक्टरीणबाईंचे दिवसाला तीन-तीन फोन येऊ लागले. आधी काळजीचे, मग रागाचे, आणि एका दुपारी त्या फोनवर चक्क रडल्या. व्याही मंडळी येऊन बघून गेली होती आणि कुणीतरी म्हणालं होतं, जागा छान आहे, बाग अजून लावायची आहे वाटतं. ते माझं पहिलं मोठं काम होतं. कोल्हापूर एवढंसं गाव, इथं एका लग्नघरात नाव गेलं की ते चार पेठांत जातं. पुन्हा कुणी मला दारात उभं करणार नव्हतं. मी सात दिवस दम धरला आणि आठव्या दिवशी कच खाल्ली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, रोज संध्याकाळी बोअरची नळी सोडा, भरपूर सोडा. फक्त मामांना कळू देऊ नका.

हिरवळ आठवड्यात हिरवीगार झाली. मी सुटकेचा श्वास सोडला.

विसाव्या दिवशी मामा आले. गेटमधूनच त्यांनी हिरवळ बघितली आणि ते थांबले. पुढं येऊन खाली बसले, बोटं खुपसली, माती जिभेवर ठेवली. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघत चाखली.

“बोअरचं पानी,” ते म्हणाले.

मी आता तोफखान्याची वाट बघत होते. साध्या बोलण्यातही त्यांचा आवाज कोपऱ्यावर ऐकू जायचा. पण त्यांनी नळ उघडून हात धुतले, चूळ भरली, भिंतीला टेकवलेली लाल खुर्ची उचलली. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. गेटशी पोचल्यावर पाठमोरेच म्हणाले, “उद्या सकाळी सातला स्टँडवर ये. डबा घिऊन ये.”

एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो, मामा सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते. कुरुंदवाडच्या अलीकडं एका फाट्यावर उतरलो आणि नदीच्या बाजूला चालत गेलो. दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस. मला वाटत होतं, या माणसाचं स्वतःचं घर म्हणजे बागेचा कळस असणार. कोल्हापुरातली निम्मीअर्धी सुंदर आवारं ज्यानं लावली, त्याच्या दारात काय काय असेल.

दारात काहीच नव्हतं. एक झाड नव्हतं, तुळससुद्धा पत्र्याच्या डब्यात. मामी बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेल्या. मामा मला घराच्या मागं घेऊन गेले, आणि मी जागच्या जागी थिजले.

मागं तीन एकर जमीन पांढरी पडली होती. भर उन्हात ती डोळ्यांना सहन होईना. क्षणभर मला खरंच वाटलं, मामांनी इथंही फक्की मारली आहे, सगळ्या रानावर. मग मी वाकून बघितलं. ते मीठ होतं. जमिनीतून वर आलेलं, पापुद्र्या धरलेलं. त्या तीन एकरांत एक काडी उभी नव्हती. चारी बाजूंनी हिरवा ऊस आणि मध्ये हे.

“ही माझ्या हातची पैली बाग,” मामा म्हणाले.

मग ते बांधावर बसले आणि बोलले. त्यांच्या वडिलांच्या काळात पाणी विहिरीचं, मोजून द्यायचं. मामा विशीत असताना नदीवरून पाइपलाइन आली. पाणी हवं तेवढं. जितकं पाणी तितका ऊस, असं जो तो म्हणे, आणि मामा त्यात सगळ्यांच्या पुढं. पाटाला पाणी चालू ते चालूच. गावात नाव झालं, पाणी पाजावं तर यानंच. काही वर्षं ऊस असा आला की बघायला माणसं येत. मग मध्येच एका जागी कोंब फुटेना. घोंगडीएवढीच जागा.

“मला वाटलं, तान लागलीया,” मामा म्हणाले. “म्हून अजून पाजलं.”

घोंगडीची जागा खळ्याएवढी झाली, खळ्याची एकर झाली. त्यांचे वडील रोज सकाळी रानात येत, चिमूटभर माती तोंडात टाकत आणि सांगत, खारवलंय, पाणी तोड. पोरगं हसायचं. गावातल्या चारचौघांतही सांगायचं की आमचं म्हातारं आता माती खाय लागलंय. एके दिवशी म्हाताऱ्यानं सांगायचं बंद केलं. त्यानंतर तो बांधावर येऊन नुसता बसायचा, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. सावली फिरेल तसा सरकायचा. दोन वर्षं असा बसला आणि गेला.

“परत एकदा जरी म्हनला असता तर मी आयकलं असतं,” मामा म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, “न्हाय. नसतं आयकलं.”

मला त्या माणसाची भीती वाटत आली होती, त्याची लाज वाटत आली होती. त्याच्या मातीवरून मी मैत्रिणींना हसवलं होतं. तो बांधावरचा म्हातारा मला दिसायला लागला आणि मी डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

मग त्यांनी मला रानाच्या वरच्या कडेला नेलं. तिथं त्यांनी कमरेएवढे चर खोदले होते, मीठ धुऊन नदीकडं जावं म्हणून. सगळे एकट्यानं, कुदळीनं. आणि चराच्या अलीकडं हिरवा पट्टा होता. हरळी. मेलेल्या रानात सगळ्यात आधी परत आलेली. मामा म्हणाले, वर्षाला हातभर पुढं सरकते. तिला त्यांनी आजवर पाणी दाखवलेलं नाही.

माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. मी विचारलं, “मामा, तुम्ही लावलेली सगळी हरळी...?”

“हितलीच की. सगळी.” ते हरळीवरून हात फिरवत म्हणाले. “माझं रान पिकंना. म्हून म्हनलं, नांदाय धाडावी. कुनाच्या तरी दारात सुकात राहील.” मग पहिल्यांदा त्यांनी मला म्याडम न म्हणता हाक मारली. “पोरी, नळ बंद करतीस का मी माझी हरळी उपटून आनू?”

मी तिथूनच, त्या पांढऱ्या रानात उभी राहून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नळी बंद करा, वीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, म्हटलं. त्यांनी विचारलं, आणि साखरपुडा? मी म्हटलं, चूक माझी होती, काम काढून घ्यायचं तर घ्या, पण नळी बंद करा. मामा मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

काम काही डॉक्टरीणबाईंनी काढून घेतलं नाही. साखरपुडा विटकरी हिरवळीवर झाला. म्हणजे हिरवळीवर डॉक्टरीणबाईंनी मंडपवाल्याकडून हिरवंगार प्लास्टिकचं गवत आणून अंथरलं, त्याच्यावर झाला. मी लाजेनं अर्धी झाले होते. मामा कोपऱ्यात आपल्या लाल खुर्चीत बसून जिलबी खात होते आणि हसत होते. त्यांना मनापासून हसताना मी तेव्हाच पाहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलनीतल्या बोअर आटल्या आणि एकेक गालिचा करपला. डॉक्टरांची हरळी विटकरी पडून गप्प राहिली आणि पहिल्या सरीला उठली. व्याही येऊन तिच्यावर अनवाणी चालून गेले, हे डॉक्टरीणबाईंनी मला आवर्जून फोन करून सांगितलं.

मागच्या माघात मामा गेले. दुपारी जेवून बांधावर जाऊन बसले आणि खुर्चीतच मान टाकली. मला मामींचा फोन आला तेव्हा मी एका आवारात फक्की ओढत होते. बराच वेळ फोन हातात धरून मी त्या रेघांकडं बघत राहिले. कळेचना, ही सावली आता कुणाला दाखवायची.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गेले. राख नदीत सोडायची नाही, असं मामा सांगून गेले होते. आणि रानातही नको, आधीच खारट आहे, असंही. मामींनी ती घरापुढं खड्डा घेऊन त्यात घातली आणि वर पारिजातक लावला. त्या दाराला लागलेलं ते पहिलं झाड. मग सगळे मागं रानात गेलो. चरांनी मीठ धुऊन नेलं तसा हरळीनं वर्षागणिक वेग धरला होता, आता तीन एकरांतलं बहुतेक रान तिनं घेतलं होतं. अगदी मध्ये फक्त एक पांढरा तुकडा उरला होता, घोंगडीएवढा.

मामी म्हणाल्या, त्याच जागेपासून सुरू झालं होतं.

तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई उतरले. डॉक्टरांनी डिकीतून एक ओलं बारदान काढलं, खांद्यावर घेतलं आणि पांढऱ्या कपड्यांनिशी रानात उतरले. बारदान उघडलं तर आत हरळी होती. त्यांच्या दारातली.

“माहेरी आणली,” ते म्हणाले. ज्याच्या बापाची कंबर हरळीपायी गेली तो माणूस गुडघ्यावर बसला आणि कांड्या तोडायला लागला. मग थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या तुकड्यावर ती जगेल का, हे सांगणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

मी खाली बसले. दोन बोटं खुपसली. चिमूटभर माती काढली आणि काय करते आहे हे कळायच्या आत तोंडात टाकली. तिचा खार जिभेला लागला आणि मीच दचकले. भोवती जमलेले भावकीतले लोक डोळे विस्फारून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि चूळ भरायला माझ्यापुढं धरली. जंताच्या औषधाचं त्यांनी या वेळी विचारलं नाही.

“खारट हाय,” मी म्हटलं. “पन जमंल.”